खेळाडूचा आवाज आणि खेळाडूची भाकरी

भाईंदर स्थानकावरून सकाळी चर्चगेटकडे निघणाऱ्या लोकलगाडीत कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या गर्दीत खांद्याला पिशवी अडकवलेले काही तरुण खेळाडूही असतात. पिशवीत बूट आणि टॉवेल यांच्याबरोबर एक फाईल असते आणि त्या फाईलमध्ये जिल्हा, राज्य व राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रे जपून ठेवलेली असतात. २०११ च्या जनगणनेनुसार ८ लाख ९ हजार लोकवस्तीच्या मीरा-भाईंदर शहरातील बहुसंख्य कुटुंबे पगारावर जगणारी आहेत. एके काळी मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या या गावांना आता मुंबईची नोकरी हाच आधार आहे. अशा घरातील बाप मुलाला कबड्डीच्या किंवा कुस्तीच्या मैदानावर जाऊ देतो तो ऑलिंपिकच्या आशेने नव्हे. खेळातून रेल्वेत, पोलिसात किंवा बँकेत चिकटता येते, हे त्याने ऐकलेले असते. त्याच्या लेखी पदकापेक्षा प्रमाणपत्र मोठे असते.

या बापाला अस्वस्थ करणारा एक प्रश्न २०२३ साली दिल्लीत उभा राहिला. ज्याने खेळाडूला नोकरी दिली, त्याच्याच सत्तेच्या परिघातील माणसाविरुद्ध खेळाडूने आवाज उठवला तर त्या नोकरीचे काय होते? प्रश्नाचे वरवरचे उत्तर 'काही होत नाही' असे आहे. त्या वर्षी आंदोलन केल्याबद्दल त्या नामवंत कुस्तीगिरांपैकी कोणालाही रेल्वेने बडतर्फ केले नाही. परंतु तेवढ्यावर समाधान मानणे म्हणजे घराची भिंत शाबूत आहे म्हणून पाया तपासावयाचा नाही असे ठरवण्यासारखे होईल.

जंतरमंतर ते हरिद्वार

घटनाक्रम थोडक्यात सांगावयास हवा. १८ जानेवारी २०२३ रोजी रिओ ऑलिंपिकमधील कांस्यपदक विजेत्या साक्षी मलिक, टोकिओतील कांस्यपदक विजेते बजरंग पुनिया आणि जागतिक स्पर्धांतील पदक विजेत्या विनेश फोगट यांनी भारतीय कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्याविरुद्ध दिल्लीत जंतरमंतर येथे धरणे धरले. आरोप महिला कुस्तीगिरांच्या लैंगिक छळाचा होता. श्री. सिंह हे त्या वेळी सत्ताधारी भारतीय जनता पक्षाचे खासदार होते आणि त्यांनी आरोप सातत्याने नाकारले. चौकशी समितीच्या आश्वासनावर उठलेले धरणे २३ एप्रिलला पुन्हा सुरू झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर २८ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी गुन्हे नोंदवले. २८ मे रोजी, नव्या संसदभवनाच्या उद्‌घाटनाच्या दिवशी, कुस्तीगिरांना ताब्यात घेण्यात आले आणि त्यांचा मांडव हलवण्यात आला. दोनच दिवसांनी ते आपली पदके गंगेत सोडण्यासाठी हरिद्वारला गेले आणि शेतकरी नेत्यांनी समजूत घातल्यावर परतले. १५ जूनला आरोपपत्र दाखल झाले व मे २०२४ मध्ये न्यायालयाने आरोप निश्चित केले. अल्पवयीन तक्रारदाराच्या नावे नोंदलेले वेगळे प्रकरण मात्र मे २०२५ मध्ये बंद झाले.

या सर्व घटनांत नोकरीचा विषय प्रथम ठळकपणे पुढे आला तो जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यात. तिघेही उत्तर रेल्वेचे कर्मचारी होते. ते कामावर रुजू झाल्याचे वृत्त येताच, आंदोलन संपले, अशी आवई उठली. साक्षी मलिक यांना जाहीरपणे सांगावे लागले की, न्यायाची लढाई चालूच आहे, आपण केवळ रेल्वेतील जबाबदारीही पार पाडत आहो. न्यायाच्या मार्गात नोकरी आड आली तर ती सोडण्यास दहा सेकंदही लागणार नाहीत, असे तिच्या साथीदारांनी सांगितले.

या उत्तरात स्वाभिमान आहे हे खरे. पण त्या उत्तराची गरज का पडावी? कारखान्यातील कामगाराने किंवा शाळेतील शिक्षकाने छळाची तक्रार केली तर 'तुम्ही अजून नोकरी करता काय?' असे त्याला कोणी विचारीत नाही. खेळाडूला मात्र विचारले जाते, कारण त्याची नोकरी ही श्रमाचा मोबदला नसून सरकारची मेहेरबानी आहे, अशी समजूत समाजात रुजलेली आहे. मेहेरबानी स्वीकारणाऱ्याने तोंड मिटून राहावे हा आपल्याकडचा जुना संकेत आहे.

एकच गिऱ्हाईक असलेला बाजार

अर्थशास्त्रात एक साधा नियम शिकवला जातो. विकणारे पुष्कळ आणि विकत घेणारा एकच असेल तर भाव घेणारा ठरवतो. श्रमाच्या बाजारात याचा अर्थ असा की, मालक एकच असेल तर कामगाराला केवळ वेतनच कमी मिळते असे नाही. त्याची बोलण्याची ताकदही कमी होते, कारण हे दार बंद झाले तर दुसरे दार नसते.

क्रिकेट व मोजके व्यावसायिक खेळ सोडले तर भारतीय खेळाडूचा बाजार असाच आहे. रेल्वे, सैन्यदले, पोलीस, सार्वजनिक बँका आणि सार्वजनिक उपक्रम हे त्याचे प्रमुख आश्रयदाते, आणि त्या सर्वांच्या मुळाशी शासन हा एकच मालक. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. विजय चौधरी, राहुल आवारे, नरसिंग यादव यांच्यासारखे मल्ल थेट पोलीस उपअधीक्षक झाले आहेत. ही धोरणे उपकारक आहेत, त्याविषयी वाद नाही. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधव यांना पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची जागा मिळण्यास १९५५ साल उजाडावे लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे मधल्या काळात झालेली प्रगती दिसते.

परंतु या प्रगतीचा स्वभाव अजूनही दरबारी राहिला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीचे कांस्यपदक मिळाले आणि लगोलग ते विशेष कार्याधिकारी झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांना ५ टक्के आरक्षणाचा लाभ देण्याची घोषणा झाली आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांत नाराजी पसरली. दोन्ही उदाहरणांत नोकरी आणि बढती यांचे गणित नियमापेक्षा प्रसंगावर अवलंबून दिसते. जे प्रसंगाने मिळते ते प्रसंगाने जाऊही शकते, ही भीती मग अस्थानी म्हणता येत नाही.

परदेशातील अनुभवही हेच सांगतो. अमेरिकन फुटबॉलमधील कॉलिन कॅपरनिक यांनी २०१६ साली वर्णद्वेषी पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला. मार्च २०१७ मध्ये ते करारमुक्त झाले आणि त्यानंतर लीगमधील ३२ पैकी एकाही संघाने त्यांना घेतले नाही. संघमालकांनी संगनमत केल्याची त्यांची तक्रार फेब्रुवारी २०१९ मध्ये तडजोडीने मिटली. मैदान मात्र परत मिळाले नाही. मालक ३२ असले तरी त्यांचा बाजार एकच होता. याउलट, फेब्रुवारी २००३ मध्ये झिंबाब्वेतील 'लोकशाहीच्या मृत्यू'चा शोक म्हणून हरारे येथे दंडाला काळी फीत बांधून खेळलेल्या दोन क्रिकेटपटूंकडे पाहावे. अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा या दोघांचीही देशाकडून खेळण्याची कारकीर्द त्या विश्वचषकाबरोबर संपली. फ्लॉवर यांना इंग्लंडमधील कौंटी क्रिकेटचे दार उघडे होते. पुढे ते इंग्लंड संघाचे प्रशिक्षकही झाले. ओलोंगा यांच्यापाशी तसे दार नव्हते. फीत दोघांची सारखीच काळी होती. किंमत सारखी नव्हती.

येथे काळाचाही विचार केला पाहिजे. कारकुनाची नोकरी ३०-३५ वर्षांची असते. निलंबनात दोन वर्षे गेली तरी न्याय मिळाल्यावर ती भरून निघतात. खेळाडूचे उमेदीचे वय जेमतेम आठ-दहा वर्षांचे. महंमद अली यांनी १९६७ साली सैन्यात भरती होण्यास नकार दिला, तेव्हा ते २५ वर्षांचे होते. परवाने हिरावले गेल्याने ऑक्टोबर १९७० पर्यंत त्यांना लढता आले नाही. जून १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली, पण साडेतीन वर्षे परत देण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला नसतो. खेळाडूच्या बाबतीत विलंब हीच शिक्षा ठरते.

पळवणकर बंधूंचा धडा

असे असूनही निषेध यशस्वी होतो तेव्हा का होतो? त्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. पुण्यात दरमहा ३-४ रुपयांवर खेळपट्टीची निगा राखता राखता जगातील उत्तम फिरकी गोलंदाजांच्या पंक्तीत जाऊन बसलेले पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील. गुणवत्ता असूनही हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना नाकारले गेले. १९२० साली चौरंगी स्पर्धेच्या वेळी त्यांना संघातूनच वगळण्यात आले आणि कर्णधारपदासाठी त्यांचे बंधू विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधर यांची निवड झाली. विठ्ठल आणि शिवराम या दोघा बंधूंनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घ्यावे लागले आणि १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

हा निषेध फळाला आला, त्याची कारणे तपासण्यासारखी आहेत. बंधू एकत्र होते. त्यांच्या तोडीचे खेळाडू संघाला चटकन मिळणारे नव्हते. आणि देशातील वातावरण अस्पृश्यतेच्या प्रश्नावर जागे होत होते. पण आणखी एक कारण सहसा सांगितले जात नाही. चौरंगी सामने हौशी होते. बाळूंनी मुंबईत आल्यावर रेल्वे कंपनीची नोकरी केली होती. निवड समितीने वगळले म्हणून घरची चूल विझेल अशी अवस्था नव्हती. खेळातील मान एका हाती आणि पोटाची भाकरी दुसऱ्या हाती होती. आज खेळाडूला मान, सराव, प्रमाणपत्र व नोकरी या चारही गोष्टी एकाच साखळीतून मिळतात. साखळीची एक कडी ओढली की चारही हलतात.

ज्यांची नावे कोणी छापली नाहीत

आंदोलनाचा रोजगारावरील खरा परिणाम पाहावयाचा तर जंतरमंतरवरील तीन नावांकडे पाहून भागणार नाही. विनेश फोगट आणि बजरंग पुनिया यांनी ६ सप्टेंबर २०२४ रोजी रेल्वेचा राजीनामा देऊन काँग्रेस पक्षात प्रवेश केला आणि ऑक्टोबरमध्ये विनेश हरियाणा विधानसभेवर निवडून आल्या. नामवंताला दुसरे क्षेत्र सापडते. परिणाम भोगला तो नाव नसलेल्यांनी.

महासंघाच्या वादात २०२३ सालच्या राष्ट्रीय स्पर्धांचे वेळापत्रक कोलमडले. ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केले. डिसेंबरमध्ये निवडणूक झाली, साक्षी मलिक यांनी कुस्ती सोडली आणि क्रीडा मंत्रालयाने नव्या कार्यकारिणीलाही निलंबित केले. जानेवारी २०२४ च्या अखेरीस निलंबित महासंघाने पुण्यात राष्ट्रीय स्पर्धा भरवली, तर हंगामी समितीने लगेच जयपूरला दुसरी राष्ट्रीय स्पर्धा घेतली. एका देशाच्या दोन राष्ट्रीय स्पर्धा! महासंघाच्या अशा स्पर्धा अमान्य असून तेथील प्रमाणपत्रे सरकारी नोकरीसाठी किंवा महाविद्यालयीन प्रवेशासाठी ग्राह्य धरली जाणार नाहीत, असे मंत्रालयाने आधीच बजावले होते.

पुण्याच्या आखाड्यात उतरलेल्या मल्लाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो? त्याने वर्षभर घाम गाळला, खुराकासाठी बापाने कर्ज काढले, कुस्तीही जिंकली. आणि हाती आलेला कागद नोकरीच्या खिडकीवर चालणार नाही. भरतीची वयोमर्यादा मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. ३ जानेवारी २०२४ रोजी शेकडो तरुण कुस्तीगीर त्याच जंतरमंतरवर जमले आणि आपले एक वर्ष फुकट गेल्याचा दोष त्यांनी साक्षी, विनेश व बजरंग यांना दिला. त्यांना तेथे कोणी आणले याविषयी दुमत असेल. त्यांचे वर्ष बुडाले होते याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

मग दोष आंदोलकांचा काय? तसे म्हणणे म्हणजे आगीची हाक देणाऱ्यालाच आग लावणारा ठरवणे होय. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाची तक्रार ऐकण्यासाठी अंतर्गत समिती असावी, असा कायदा २०१३ साली झाला. चौकशी समितीच्या प्राथमिक निष्कर्षांचा हवाला देऊन क्रीडा मंत्रालयानेच एप्रिल २०२३ मध्ये सांगितले की, कुस्ती महासंघात अशी रीतसर समिती नव्हती. दहा वर्षांत एक समिती नेमली गेली असती तर तक्रार चार भिंतींत ऐकली गेली असती. ज्या घराला दरवाजा ठेवलेला नाही, त्यातून बाहेर पडणारा खिडकी फोडणारच.

शिस्त कोठे संपते

येथे दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. सरकारी पगार घेणारा खेळाडू हा सरकारी नोकरही आहे. १९६६ चे रेल्वे सेवा वर्तणूक नियम किंवा १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम त्याला लागू आहेत, आणि नोकरीत राहून राजकीय पक्षाचे सभासद होण्यास त्यांत मनाई आहे. ती योग्यच आहे. तिकीट तपासणारा, गुन्हा नोंदवणारा किंवा कर्ज मंजूर करणारा माणूस कोणत्या पक्षाचा आहे, अशी शंका नागरिकाला येता कामा नये. पक्षप्रवेश करावयाचा तर राजीनामा हाच मार्ग आहे.

परंतु पक्षकार्य आणि निषेध यांत फरक आहे. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच सांगितले की, सरकारी नोकर झाल्याने माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत. संप हा मूलभूत हक्क नसला तरी शांततामय निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम घटनाबाह्य आहे. महासंघाच्या अध्यक्षाविरुद्ध छळाची तक्रार करणे हे राजकारण नव्हे. तो अध्यक्ष राजकारणी असल्यामुळे तक्रार राजकीय भासते, हा तक्रारदाराचा अपराध नाही. क्रीडासंघटनांच्या खुर्च्यांवर सर्व पक्षांचे पुढारी वर्षानुवर्षे बसत आले आहेत. खेळात राजकारण खेळाडूंनी आणले हे म्हणणे त्यांच्या तोंडी तरी शोभत नाही.

हा प्रश्न केवळ कुस्तीगिरांचा आहे, असे मीरा-भाईंदरच्या पगारदाराने समजू नये. ८ जुलै २०२५ रोजी मराठीच्या प्रश्नावर मीरा रोडला मोर्चा निघाला, त्या वेळी पोलिसांनी आधी परवानगी नाकारली, धरपकड झाली आणि अखेरीस मोर्चा निघालाच. अशा दिवशी मराठी शाळेतला शिक्षक किंवा सरकारी कचेरीतला कारकून जावे की न जावे याचा विचार करतो, तेव्हा त्याच्या मनात भाषेइतकीच सेवापुस्तिकाही असते. फरक इतकाच की, त्याच्यामागे संघटना असते. १९७४ चा रेल्वे संप मोडला गेला, १९७७-७८ साली महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांनी ५४ दिवस संप केला. हरो वा जिंको, त्यांच्या वतीने बोलणारे कोणी होते. खेळाडूच्या वतीने बोलणारे कोणी नाही. क्रिकेटसारख्या श्रीमंत खेळातही २०१९ साली स्थापन झालेली संघटना निवृत्त खेळाडूंची आहे, खेळत असलेल्यांची नव्हे.

गाठी सोडवाव्या लागतील

यावर उपाय काय? ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तंटे सोडवण्यासाठी न्यायाधिकरण आणि संघटनांमध्ये खेळाडूंना प्रतिनिधित्व या तरतुदी आहेत. तक्रारीला दरवाजा ठेवण्याच्या दिशेने हे पाऊल आहे, त्याचे स्वागत करावयास हवे. परंतु दरवाजा उघडणाऱ्याची भाकरी सुरक्षित नसेल तर तो दरवाजा उघडणार कोण?

त्यासाठी एकाच साखळीत अडकलेल्या कड्या वेगळ्या कराव्या लागतील. पहिली गोष्ट, प्रमाणपत्राची. मान्यतेचा वाद संघटनेचा असतो. त्याची शिक्षा खेळाडूला होऊ नये. वादाच्या काळात झालेल्या स्पर्धांची पंचांच्या नोंदींवरून स्वतंत्र पडताळणी व्हावी आणि जे वर्ष स्पर्धांविना गेले त्या वर्षाची सूट भरतीच्या वयोमर्यादेत मिळावी. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली आहेत. यास्तव पडताळणी कडक असावी, पण ती खऱ्या खेळाडूला वाऱ्यावर सोडणारी नसावी. दुसरी गोष्ट, नोकरीची. कोणत्या कामगिरीला कोणते पद आणि किती वर्षांनी बढती, हे छापील नियमाने ठरावे; ते सत्कारसमारंभातील घोषणेवर सोडू नये. तिसरी गोष्ट, संरक्षणाची. क्रीडासंघटनेविरुद्धची तक्रार अथवा शांततामय निदर्शने यांमुळे सराव शिबिर, विशेष रजा किंवा बढती नाकारली जाणार नाही, असे वर्तणूक नियमांतच स्पष्ट लिहिले जावे. या तिन्हींसाठी तिजोरीवर फारसा भार पडत नाही. भार पडतो तो उपकारकर्त्याच्या भूमिकेत राहण्याच्या सवयीवर.

खेळाडूला नोकरी देणे हे दान नाही. त्याने तारुण्याची जी वर्षे मैदानाला दिली, त्या वर्षांत त्याच्या बरोबरीच्या मुलांनी पदव्या आणि अनुभव मिळवले. नोकरी ही त्या वर्षांची भरपाई आहे. भरपाई घेणाऱ्याने मौनाची जामीनकी द्यावी, अशी अट कोणत्याही करारात नसते. भाईंदरच्या गाडीत फाईल छातीशी धरून उभ्या असलेल्या मुलीला उद्या प्रशिक्षकाविरुद्ध काही सांगावयाचे असेल, तर आधी त्या फाईलकडे पाहून तिला गप्प बसावे लागू नये. एवढी व्यवस्था जोवर झालेली नाही, तोवर मिळालेल्या पदकांची संख्या सांगितली जाईल. गिळलेल्या शब्दांची संख्या कोठेच नोंदली जाणार नाही.